अपंग भाडेकरू आणि घरातले विष

जळगावच्या एका जुन्या पेठेत तळमजल्यावरील दोन खोल्यांत भाड्याने राहणारे एक शिंपी आमच्या परिचयाचे आहेत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय निकामी आहेत. घरात ते हातांच्या आधाराने सरकत वावरतात, बाहेर तीनचाकी सायकल वापरतात. समोरच्या खोलीत हाताने चालवायचे शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकांचे कापड, मागच्या खोलीत संसार. मे महिन्यातील एका रात्री नऊच्या सुमारास घरमालकांनी दारावरूनच त्यांना सांगितले, "उद्या सकाळी दहाला पेस्ट कंट्रोलवाले येताहेत. स्वयंपाकघर रिकामे करा, कपाटे भिंतीपासून ओढून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत घरात थांबू नका."

पायांनी धड असलेल्या माणसाला ही एका दिवसाची गैरसोय वाटेल. या गृहस्थांना कपाट ओढता येत नव्हते आणि कापडाचे गठ्ठे हलवता येत नव्हते. पत्नी माहेरी गेली होती. शेजारच्या मुलांनी जमेल तेवढे सामान हलवले आणि ते स्वतः जवळच्या एका बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. जळगावचा मे महिना वाचकांना ठाऊक आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो. अशा उन्हात सहा तास बसलेल्या या माणसाने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाणी प्यायलो तर जायचं कुठं? मला जमेल असा संडास एकच, तो माझ्या घरात. सार्वजनिक संडासाला तीन पायऱ्या आहेत."

पुढच्या खेपेस आठ दिवस आधी सांगावे, सामान हलवायला माणूस द्यावा आणि शक्य तर फवारणीऐवजी झुरळांसाठी मिळणारी जेल वापरावी, अशी विनंती त्यांनी नंतर घरमालकांना केली. मिळालेले उत्तर सौम्य शब्दांत होते, पण त्याचा अर्थ स्पष्ट होता: करार जुलैत संपतो, जमत नसेल तर दुसरीकडे पाहा. शिंपीबुवा गप्प बसले. घरमालक दुष्ट आहेत असे त्यांचे म्हणणे नाही आणि आमचेही नाही. ते स्वतः सत्तरी ओलांडलेले, भाड्यावर प्रपंच चालवणारे गृहस्थ आहेत. पण एका माणसाच्या सौजन्यावर दुसऱ्याचे आरोग्य अवलंबून राहावे, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ढेकूण, झुरळे, उंदीर आणि उधई हे विषय अग्रलेखाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाहीत, असे काहींना वाटेल. वस्तुतः गरिबाच्या जीवनातील अन्याय अशाच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून प्रकट होत असतो. ज्याच्या अंगाला संवेदना आहे आणि हातापायांत बळ आहे, त्याला उंदीर हा उपद्रव असतो. ज्याच्या अंगी ते नाही त्याला तो इजा करतो. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांना असे आढळले होते की, रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होण्यामागे रोगापेक्षा उंदरांचा हात अधिक होता. बधिर झालेल्या बोटांना उंदीर कुरतडत आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नसे. घरी परतणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर पाठवण्याची प्रथा त्यांनी पाडली ती यामुळेच. कण्याला दुखापत होऊन कमरेखालची संवेदना गेलेला माणूस किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेली वृद्धा आज भाड्याच्या खोलीत त्याच धोक्यात झोपते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ढेकूण चावले तर त्याला उठून अंथरूण झटकता येत नाही. खाजवून झालेल्या जखमा चिघळतात.

हा झाला कीड असण्याचा धोका. दुसरा धोका ती मारण्याचा आहे आणि तो कमी नाही. बंगळुरूच्या वसंतनगर भागात २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका भाड्याच्या घरात घरमालकाने कीटकनाशक फवारून घेतले होते. बाहेरगावाहून परतलेल्या कुटुंबातील आठ वर्षांची मुलगी त्यात दगावली आणि आईवडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याआधी २०२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या बिबवेवाडी भागात घरात कीडनियंत्रण करून घेतल्यानंतर एका दांपत्याचा मृत्यू झाला. चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूर येथे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उंदरांसाठी घरात ठेवलेल्या विषाच्या वाफेने दोन लहान भावंडे गेली. ही सर्व माणसे चालती-फिरती होती. ज्याला वास आला तरी उठून बाहेर जाता येत नाही, त्याची अवस्था काय होईल याचा विचार वाचकांनीच करावा.

खानदेशच्या माणसाला विषाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. कपाशीच्या शेतात फवारणी करणाऱ्या मजुराला डब्यावरचा त्रिकोण ठाऊक असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा या त्रिकोणाकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष गेले होते. परंतु शेतातले विष घरात आले की तो त्रिकोण कुणी पाहत नाही. धान्याच्या कोठीत ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत ते याच कारणाने. सेंद्रिय फॉस्फरस गटातील औषधे मज्जासंस्थेवर आघात करतात. दमेकऱ्याला आणि लहान मुलाला त्यांची थोडी मात्राही बाधू शकते. अंध व्यक्तीला कोपऱ्यात टाकलेली भुकटी दिसत नाही. बहिऱ्या माणसाला दारावरून ओरडून दिलेली सूचना ऐकू येत नाही. मतिमंद मुलाला भिंतीला हात लावू नकोस म्हणून समजावता येत नाही. अर्थात, सर्वांना एकच सूचना आणि एकच पद्धत लागू करणे याला समता म्हणता येणार नाही.

सरकारी कागदांत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. आम्ही येथे 'अपंग' हाच जुना शब्द वापरतो, कारण अंगाच्या उणिवेत दिव्य असे काही नसते आणि त्या उणिवेचे ओझे वाढवण्याचे काम बव्हंशी समाजच करीत असतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. त्या वेळी गणनेत आठ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले आहेत आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचाही त्यात समावेश आहे. म्हणजे खरा आकडा याहून मोठा असणार.

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत दिली आणि तरीही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाची. महिना चार हजार रुपये भाडे असेल तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, त्याचा चौथा हिस्सा बारा हजार. दोन खोल्यांतील उधईचा किंवा ढेकणांचा बंदोबस्त करण्याचा खर्च या मर्यादेत बसू शकतो. उधईने पोखरलेली तुळई आणि उंदरांनी पोखरलेली मोरी असलेली जागा 'राहण्यायोग्य' कशी म्हणायची, असा युक्तिवाद या कलमाच्या आधारे करता येतो व तो केला पाहिजे. कलम २९ मध्ये आवश्यक सेवांची जी व्याख्या आहे तीत सफाई व आरोग्यव्यवस्था येते आणि घरमालकाने ती विनाकारण तोडता कामा नये, असे कायदा सांगतो. जागेची पाहणी करायची तर घरमालकाने आधी सूचना देऊन वाजवी वेळी यावे, असे कलम २८ म्हणते. नुसत्या पाहणीला जर पूर्वसूचना लागते, तर विष घेऊन येणाऱ्याला ती लागू नये काय?

येथपर्यंतचे चित्र समाधानकारक वाटेल. परंतु त्यात दोन मोठी भगदाडे आहेत.

पहिले असे की, कलम १४ चे संरक्षण 'भाडेकरू'ला आहे. आज जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांत नव्याने घर घेणाऱ्या माणसाला भाडेकरू होऊच दिले जात नाही. त्याच्या हाती अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार ठेवला जातो, आणि असा परवानाधारक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याचा अधिकार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. जुन्या वाड्यातला पन्नास वर्षांचा भाडेकरू कायद्याच्या छत्राखाली उभा आहे आणि नवा माणूस उघड्यावर. पायऱ्या नसलेली, तळमजल्यावरची, संडास आत असलेली जागा अपंग माणसाला मुळातच दुर्मीळ. ती एकदा सापडली की अकरा महिन्यांनी गमावण्याची भीती त्याच्या मानेवर सदैव टांगलेली असते. तक्रार करण्याचा हक्क कागदावर असला तरी तक्रार करणाऱ्याचा करार पुढे चालू ठेवण्याचे बंधन कुणावर नाही.

दुसरे भगदाड अपंगांच्या कायद्यात आहे. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगाला इतरांच्या बरोबरीने जगता यावे म्हणून कराव्या लागणाऱ्या योग्य त्या बदलांना हा कायदा हक्काचे स्थान देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात असे बदल करून देणे ही शासनाची तशीच खाजगी पक्षांचीही विधायक जबाबदारी असल्याचे म्हटले आहे. तत्त्व निःसंदिग्ध आहे. पण कायद्यातील 'खाजगी आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी संस्था, सहकारी संस्था, न्यास यांचा समावेश असला तरी एकेकटा घरमालक तीत स्पष्टपणे येत नाही. त्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्थेने संपूर्ण इमारतीत फवारणी करताना अपंग रहिवाशाची गैरसोय केली तर पुण्यातील राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते. तेच कृत्य पेठेतल्या घरमालकाने केले तर वकिलाला शब्दांशी झुंजावे लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदाही येथे उपयोगी पडत नाही. त्यात घरमालकाने आत येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना द्यावी असे आहे खरे, पण पायांनी निकामी माणसाला चोवीस तासांत दोन खोल्यांचे बिऱ्हाड हलवता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कीडनियंत्रण ही एकट्याने विकत घेण्याची वस्तू नव्हे. एका खोलीत औषध मारले तर ढेकूण भिंतीच्या फटीतून शेजारी जातात आणि पंधरा दिवसांनी परततात. सामाईक मोरी, सामाईक जिना आणि सामाईक भिंत असलेल्या इमारतीत ते एकत्रच व्हावे लागते. जे काम एकत्र केल्याशिवाय फळ देत नाही, त्याचा भार ज्याच्या खोलीत कीड प्रथम दिसली त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे आणि उधळपट्टीचेही. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचे काम शासनाने अंगावर घेतले, ते याच न्यायाने. डासाला घरमालक आणि भाडेकरू असा भेद कळत नाही.

त्याचबरोबर फवारणीच्या पावतीवर जो आकडा असतो तो खरा खर्च नसतो. सामान हलवण्याची मजुरी, बुडालेली दिवसाची कमाई, रिक्षाचे भाडे, रात्र बाहेर काढावी लागली तर तिचा खर्च आणि फेकून द्यावे लागलेले धान्य, हे सारे पावतीबाहेर राहते. धडधाकट माणसाच्या बाबतीत हा खर्च थोडा असतो, अपंगाच्या बाबतीत कित्येक पट होतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ सालच्या आपल्या समतेविषयीच्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता: सारखे उत्पन्न हाती आले म्हणजे सारखी क्षमता हाती येत नाही. अपंगाला तेवढेच जगणे जगायला अधिक साधने लागतात. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांना मिळणारी रक्कम २०२५ च्या ऑक्टोबरपासून महिना अडीच हजार रुपये झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु एका फवारणीच्या पायी दोन दिवस घराबाहेर काढावे लागले तर त्यातले किती उरतील, याचा हिशेब कठीण नाही. हा अदृश्य खर्च ज्याला झेपत नाही त्याच्याच माथी मारायचा आणि वर त्याला बाजारातील स्वातंत्र्य म्हणायचे, हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

घरमालकांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. जुन्या भाडेकरूंकडून मिळणारे भाडे अनेक ठिकाणी इतके तुटपुंजे आहे की त्यात चुनाही लावता येत नाही, ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्याच्या धोरणावर टीका केली होती; त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतील लाकडी माळवदाची घरे आणि मातीची धाबी यांना उधईपासून वाचवणे हे एका म्हाताऱ्या मालकाच्या आवाक्यातले काम नाही, हेही खरे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष असा की, खर्चाचा काही वाटा समाजाने उचलावा. भाडेकरूने विषात राहावे असा तो नव्हे. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर बाजारभावाने भाडे घेणाऱ्या मालकाला जुन्या भाड्याची सबब पुढे करता येणार नाही.

आणखी एक आक्षेप हटकून ऐकू येतो: अपंगांना घर स्वच्छ ठेवता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे कीड होते. या पूर्वग्रहाला आधार नाही. कीड होते ती गळक्या नळामुळे, उघड्या गटारामुळे, भिंतीतल्या फटींमुळे आणि न उचललेल्या कचऱ्यामुळे. खानदेशातील हजारो कामगारांनी ज्या शहराला आपले दुसरे घर केले आहे त्या सुरतेत १९९४ साली प्लेगची साथ आली आणि माणसे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने गावाकडे पळाली, तो काळ पुष्कळांना आठवत असेल. त्यानंतर सुरत बदलले ते कचरा उचलणे, गटारे साफ करणे आणि नियमांची अंमलबजावणी करणे यांमुळे. जेथे फटी बुजवल्या, गळती थांबवली आणि झाकणे बसवली, तेथे विष कमी लागते. विष कमी लागले की अपंगाला घर सोडावेही लागत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१८ साली केलेल्या नियमांत घरमालकाला झुरळे व उंदीर यांचा बंदोबस्त आधी भेगा बुजवून आणि गळती दुरुस्त करून करण्यास बांधले आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण कायद्यात १९८८ पासून अपंग भाडेकरूसाठी नियमांत वाजवी सवलत देणे घरमालकावर बंधनकारक आहे. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशाला जे जमले ते समाजवादी म्हणून घोषित असलेल्या आपल्या प्रजासत्ताकाला जमू नये, हे खेदजनक आहे.

जळगाव आणि धुळे यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक कडू संदर्भ आहे. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरांची घरकुल योजना हाती घेतली. त्यांतली थोडीच घरे पुरी झाली. त्या प्रकरणाचा खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने ४८ आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्या निकालाविरुद्ध आरोपी उच्च न्यायालयात गेले. अपिलांचा निर्णय न्यायालय देईल. आमचा मुद्दा इतकाच की, जी घरे बांधली गेली नाहीत त्यांत राहणारी माणसे कुठे तरी राहतच आहेत. ती भाड्याच्या खोल्यांत आहेत, आणि घासाघीस करण्याची त्यांची शक्ती त्या अपूर्ण भिंतींबरोबरच खचली आहे. २०१६ च्या कायद्याने घरवाटपाच्या शासकीय योजनांत अपंगांसाठी पाच टक्के आरक्षण सांगितले आहे. परंतु न झालेल्या घरांत पाच टक्के म्हणजे शून्यच. सार्वजनिक घरबांधणी कोसळली की खाजगी घरमालकाची मर्जी हाच कायदा होतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, १९९९ च्या अधिनियमात दुरुस्ती करून कीड-उंदरांचा बंदोबस्त घरमालकाच्या कर्तव्यांत शब्दशः घालावा आणि कलम १४ चे संरक्षण अकरा महिन्यांच्या परवानाधारकालाही द्यावे. दुसरी, विधिमंडळाची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे: 'खाजगी आस्थापना' या व्याख्येत आणखी आस्थापनांचा समावेश अधिसूचनेद्वारे करण्याचा अधिकार २०१६ च्या कायद्याने शासनाला दिला आहे, त्याचा वापर करून व्यवसाय म्हणून घरे भाड्याने देणाऱ्यांना तीत आणावे. तिसरी, कोणत्याही भाड्याच्या घरात फवारणी करण्यापूर्वी किमान सात दिवसांची सूचना द्यावी. बहिऱ्याला ती लेखी मिळावी, अंधाला वाचून दाखवली जावी. तीत औषधाचे नाव, त्रिकोणाचा रंग, घराबाहेर राहण्याचे तास आणि फवारणाऱ्याचा परवाना क्रमांक असावा. कीटकनाशकांच्या कायद्याने व्यावसायिक फवारणीला परवाना सक्तीचा केलेलाच आहे; तो दाखवण्यात कुणाचे काही जात नाही. चौथी, अपंग भाडेकरूच्या सामानाची हलवाहलव घरमालकाने आपल्या खर्चाने करावी, आणि घर सोडावे लागेल तेवढा वेळ पायरी नसलेला संडास असलेली जागा महापालिकेने द्यावी. शाळा, समाजमंदिरे आणि वाचनालये सुट्टीच्या दिवसांत रिकामीच असतात. पाचवी, कीड किंवा फवारणीबद्दल लेखी तक्रार करणाऱ्या अपंगाचा करार त्या तक्रारीनंतर ठराविक काळ केवळ मर्जीने संपुष्टात आणता येऊ नये.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावा, असा शासनाचा दंडक आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ पासून अस्तित्वात आहेत. या निधीतून वस्तीनिहाय, इमारत एकत्र धरून, कमी विषाच्या पद्धतीने कीडनियंत्रण करणारी पथके उभी करता येतील. त्यासाठी नवा कर लागत नाही. अंदाजपत्रकात एक ओळ आणि ती अमलात आणण्याची इच्छा एवढेच पुरे. दोन्ही शहरांतील नगरसेवकांनी हा प्रश्न सभागृहात विचारावा, आणि ते विचारणार नसतील तर नागरिकांनी त्यांना विचारण्यास भाग पाडावे.

या सर्व गोष्टी होईपर्यंत भाडेकरूंनी स्वस्थ बसावे असे आम्ही म्हणत नाही. तोंडी तक्रार हवेत विरते. ती कागदावर लिहून टपालाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. भाडेपावती आणि करार नोंदलेला आहे की नाही हे पाहावे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार लेखी व नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शेजाऱ्यांनी एकत्र सही करावी. एकट्या अपंगाची तक्रार म्हणजे कटकट ठरते. सगळ्या इमारतीची तक्रार म्हणजे मागणी ठरते. आमच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी आपापल्या पेठेत किती अपंग भाडेकरू आहेत, त्यांपैकी कितींकडे करार आहे आणि फवारणीच्या दिवशी ते कुठे जातात, एवढी तीन प्रश्नांची पाहणी केली तरी महापालिकेपुढे ठेवायला पुरेसा ऐवज जमेल.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करताना सरकारने माणसांना विचारले नाही, घरात बळाने शिरले, आणि त्याचे परिणाम इतिहासाला ठाऊक आहेत. रोग आणि कीड यांचा नायनाट व्हायलाच हवा. पण ज्याच्या घरात तो करायचा त्याला माणूस म्हणून विचारून. जळगावच्या आमच्या शिंपीबुवांचा करार येत्या जुलैत पुन्हा संपतो आहे. उन्हाळ्यात पुन्हा फवारणारे येतील. त्या दिवशी त्यांना तहान लागली तर पाणी पिता यावे, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि ती पुरी करण्यासाठी जे कायदे व जो पैसा लागतो तो आपल्याजवळ आहे. तो वापरण्यास शासन व महापालिका यांना भाग पाडणे हे आपले काम आहे.